ताई ची शिकवणाऱ्या सर्व सर-मॅडमना खुलं पत्र: माझ्यातल्या ‘ब्लॉकेज’बद्दल

सर, मॅडम, नमस्कार.

आधीच सांगून टाकते, मी ताई चीच्या, म्हणजे संथ हालचालींच्या त्या चिनी युद्धकलेच्या, विरोधात लिहीत नाहीये. मी स्वतः अकरा वर्षं करतेय, जवळपास रोज, आणि पुढची अकरा वर्षं पण करणार आहे, त्यामुळे ‘आधी करून बघा मग बोला’ हे उत्तर कृपया नको, करून बघूनच बोलतेय. आणि हे कुणा एका सरांबद्दल पण नाही. तीन-चार ठिकाणी शिकले, वर्कशॉप केली, ऑनलाइन क्लास केले, आणि जवळजवळ सगळीकडे एका ठराविक जागी येऊन गाडी अडते. ती जागा म्हणजे ‘ची’. आतली ऊर्जा. प्रश्न विचारला की ची, गुडघा दुखला की ची अडकली, बरं वाटलं की ची वाहिली, जमलं तर ची आली, नाही जमलं तर अजून यायचीय. सगळ्या कुलपांना एकच किल्ली आणि ती किल्ली कायम तुमच्याच खिशात.

एक प्रसंग सांगते. वर्कशॉपचा शेवटचा दिवस. सरांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना रांगेत उभं केलं, स्वतः चार-पाच फुटांवर उभे राहिले, तळवे पुढे केले, श्वास सोडला आणि पहिला गडी धाडधाड मागे, टाचांवर उड्या मारत, मागे दोघं झेलायला तयारच. मग दुसरा. मग तिसरी. स्पर्श नाही, काही नाही. सगळा हॉल चिडीचूप. मग म्हणाले नवीन कोणी या, आणि मी पुढे बसले होते म्हणून मीच. मी मनापासून उभी राहिले हो, चेष्टा म्हणून नाही, खांदे सैल, गुडघे सैल, डोळे मिटलेले, म्हटलं आता होणार काहीतरी. त्यांच्या बाहीचा वारा लागला गालाला. तेवढंच. परत केलं त्यांनी. परत वारा. मग ते हसले, सगळ्यांकडे बघून म्हणाले, “ब्लॉकेज आहे. डोकं फार चालवतात या.” सगळे हसले, मी पण हसले, दुसरं काय करणार.

खरी गंमत पुढे आहे. ब्रेकमध्ये पायऱ्यांवर बसून बुटांच्या लेस बांधत होते तर ती तिसरी, मघाशी उडालेली, शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “मलाही पहिल्या वेळी काही झालं नव्हतं गं. पण सगळे जातायत आणि आपणच खांबासारखं उभं, सरांना काय वाटेल, म्हणून थोडीशी मागे सरकले. पुढच्या वेळी जरा जास्त. आता ना, सरांनी हात उचलला की आपोआपच जाते मी, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही.”

ती खोटं बोलत नव्हती. पहिल्या वेळचंही खरं आणि आत्ताचंही खरं. मला ते वाक्य कितीतरी दिवस सोडेना कारण यात कोणी कोणाला फसवलं ते सांगताच येत नाही. सरांना प्रामाणिकपणे वाटतंय की माझ्या हातातून काहीतरी जातंय, कारण समोरचा खरोखर उडतोय. समोरच्याला वाटतंय काहीतरी आलं, कारण पाय खरोखर उचलले जातायत. दोघं मिळून वर्षानुवर्षं एकमेकांना तयार करतायत. विल्यम कार्पेंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १८५२ मध्येच याला नाव देऊन ठेवलंय, मनात हालचालीची कल्पना पक्की बसली की स्नायू आपल्याला न कळवता ती हालचाल करून टाकतात. प्लँचेटची वाटी अशीच सरकते. बोटं आपलीच असतात आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो मी नाही ढकलली.

आता नावापासून सुरू करूया, कारण घोळ तिथूनच आहे. (आमच्या घरी तर अकरा वर्षं एकच जोक चालू आहे, ताईचीच का, दादाची का नाही. असो.) किती क्लासमध्ये पहिल्याच दिवशी ऐकलंय, “ताई ची, म्हणजे बघा नावातच ची आहे, ऊर्जा!” सर, नाहीये ओ. नावातला ची वेगळा आणि ऊर्जेचा ची वेगळा, चिनी लिपीत दोन्हीची अक्षरं पूर्ण वेगळी आहेत. नावातला ची म्हणजे टोक, परम सीमा. ‘ताई ची’ म्हणजे परम टोक, यिन-यांगचं ते काळं-पांढरं वर्तुळ ज्या कल्पनेचं आहे ती, आणि पूर्ण नाव ताई ची च्वान, त्यातला च्वान म्हणजे मूठ, मुष्टियुद्ध. ऊर्जेचा जो शब्द आहे त्याचा उच्चार महाप्राण आहे, म्हणजे आपल्या कानाला तो ‘छी’च्या जवळ जातो. इंग्रजांनी रोमन लिपीत लिहिताना दोन्हीला एकच स्पेलिंग दिलं, फरक दाखवायला मध्ये एक बारीकसं चिन्ह टाकलं, आणि पुढे छापताना ते चिन्ह गळून गेलं. म्हणजे ज्यांच्याकडे च आणि छ वेगळे नाहीत त्यांची चूक, आणि ती आपण, ज्यांना बालवाडीत दोन्ही वेगळे शिकवतात, तशीच्या तशी उचलली. अर्थात ‘माझ्यात खूप छी आहे’ असं म्हणायचं कोणाच्या जिवावर येईल ते समजू शकते मी.

आणि मग तो ऊर्जेचा शब्द तरी काय आहे? मूळ अर्थ वाफ, श्वास, हवा. चिनी माणूस दिवसभर वापरतो तो. हवामानाला जो शब्द आहे त्यात तो आहे, श्वासात जाणाऱ्या हवेला जो आहे त्यात आहे, राग येण्याला जो आहे त्यातही आहे. राग आला म्हणजे अंगात गूढ शक्ती जागृत झाली असं तिथेही कोणी समजत नाही.

मला याला मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द ‘दम’ वाटतो. बघा ना, जिना चढून दम लागतो, मुलाला दम देतो, जरा दम धर म्हणतो, पोरात दम आहे म्हणतो, गाणं दमदार होतं, शेवटी आपणच दमतो. श्वास, धाक, धीर, ताकद, थकवा, सगळं एका शब्दात, आणि बोलताना कोणाचा कधी गोंधळ होत नाही. पण उद्या एखाद्या परक्या माणसाने डिक्शनरी घेऊन ठरवलं की या लोकांच्या शरीरात ‘दम’ नावाचा एक पदार्थ असतो, तो नळ्यांमधून फिरतो, धरता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि जास्त झाला की समोरचा पाच फुटांवरून पडतो, तर आपण काय म्हणू? ‘मी त्याला दम दिला आणि तो मागे सरला’ हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं असू शकतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. ची ही सूचना आहे, वस्तू नाही. ‘ची बोटांपर्यंत जाऊ दे’ ही करायची कशी त्याची सूचना आहे, जशी गाण्याच्या बाई सांगतात आवाज कपाळातून काढ. कपाळातून आवाज येत नाही हे बाईंनाही माहितीय आणि विद्यार्थिनीलाही, पण तसं केलं की सूर सुधारतो. कोणी कपाळाचा एक्सरे काढायला जात नाही.

आणि अशा सूचना कामाच्या असतात हे मी मान्य करते, उलट त्याचं कारणही आता बऱ्यापैकी माहिती आहे. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधिका १९९० च्या दशकापासून यावर काम करतायत, हालचाल शिकताना लक्ष स्वतःच्या स्नायूंवर ठेवलं तर अंग आखडतं, आणि बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर तीच हालचाल जास्त सुरळीत होते. ‘कोपर सरळ कर, दंड घट्ट करू नको, खांदा खाली’ असं सांगितलं की माणूस लाकूड होतो. ‘हातातून पाण्याची धार समोरच्या भिंतीपर्यंत चाललीय’ म्हटलं की तोच हात सैल पण न वाकणारा होतो. ती न वाकणाऱ्या हाताची ट्रिक तुम्ही सगळेच दाखवता, आणि ती खरी आहे. फक्त त्यात घडतं असं की जोर लावायला सांगितल्यावर माणूस दंडाच्या पुढचा आणि मागचा दोन्ही स्नायू एकदम आवळतो, म्हणजे हात वाकवायला समोरच्याला स्वतःच मदत करतो. पाण्याची कल्पना केली की पुढचा सुटतो, मागचा एकटा काम करतो. एवढं दोन मिनिटांत सांगता येतं. सांगितल्याने ट्रिक बिघडत नाही, मी घरी करून बघितलीय, समजावून सांगितल्यावर उलट पटकन जमते.

जुन्या लोकांनाही हे कळत होतं असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकातले ताई ची मास्तर वू युशियांग यांच्या नावावर जे लिखाण सांगतात, ज्याला तुम्ही क्लासिक्स म्हणता, त्यात चक्क असं आहे की लक्ष मनाच्या चैतन्यावर ठेवा, ची वर नको, ची वर ठेवलंत तर अडखळाल. अकरा वर्षांत हे मला एकाही क्लासमध्ये कोणी सांगितलं नाही, स्वतः वाचताना सापडलं. यांग चंगफू यांच्या नावाने जे १० मुद्दे भिंतीवर लावलेले असतात त्यातही ‘ताकद नको, मन वापरा’ असं आहे, ‘पाच फुटांवरून पाडा’ असं कुठेच नाही.

आता दुसरा प्रसंग, कारण फक्त तक्रारी करायच्या नाहीयेत मला. मला पुश हँड्स (दोघांनी हाताला हात लावून ढकलायचा सराव) ज्यांनी शिकवलं ते आजोबा, वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळे, एकदा म्हणाले चल ढकल मला. मनगटाला मनगट लावलेलं. मी ढकललं. काहीच विरोध नाही, दार उघडंच असावं आणि आपण खांद्याने धक्का मारावा तसं झालं, मी पुढे गेले आणि पुढे गेले म्हणून दचकून मागे आले, आणि मागे येताना त्यांचा हात फक्त माझ्याबरोबर आला. इतकाच. मी दोन पावलं मागे, भिंतीला पाठ. जोर म्हणाल तर कपाट लावायला लागतो तेवढाही नव्हता. मी म्हटलं, आजोबा हीच का ती ची? तर म्हणाले, “कसली ची. तू मला टेकलीस. टेकणाऱ्याचा टेकू काढला की तो पडतो. नंतर सावरायला तू स्वतःच मागे निघालीस, मी नुसता सोबत आलो.” मग परत हळूहळू करून दाखवलं. दहा वेळा. कुठे माझं वजन पंजांवर गेलं, कुठे टाच उचलली, कुठे मी श्वास रोखला, सगळं त्यांना मनगटातून कळत होतं, आणि प्रत्येक वेळी थांबून म्हणायचे, “आत्ता. आत्ता पडशील.” आणि बोटाने ढकलायचे.

त्या दिवशी मला जो आनंद झाला तो त्या हात न लावता पाडण्यात कधीच झाला नसता. कारण हे शिकता येतं! याला ते लोक ऐकणारा हात म्हणतात, तिंग चिन, तिंग म्हणजे ऐकणं. डोळ्याने बघून हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, स्पर्शाने कळलं की त्याहून कमी, त्यामुळे मनगट चिकटलेलं असताना सवय झालेला माणूस जादूगारासारखाच वाटतो, समोरच्याच्या हालचालीआधी त्याला कळतं. ‘चार तोळ्यांनी हजार शेर वळवणे’ अशा अर्थाचं जे चिनी वचन आहे ते याबद्दल आहे, पडत्याला कुठून बोट लावायचं याबद्दल. यांग घराण्याची ती चिमणीची दंतकथा तुम्ही सांगता ना, तळहातावर चिमणी बसवली आणि तिला उडताच येईना? ती ‘ची ने चिमणीला खेचून धरलं’ अशी सांगितली जाते. अहो, पक्ष्याला उडताना आधी पायांनी रेटा द्यावा लागतो, आणि गोष्टीत हात नेमका त्या क्षणी खाली जातो, रेटायला काही उरतच नाही. गोष्ट खरी असेल असं मला वाटत नाही पण ती रचणाऱ्याला विषय कळलेला होता, सांगणाऱ्यांना नाही.

दान-त्येनचंही तेच. नाभीखाली तीन-चार बोटं, पोटाच्या आत, तिथे ऊर्जेचा साठा. बरं, उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य कुठे असतो? साधारण तिथेच, नाभीच्या जरा खाली, माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या पुढे. ज्याला धक्का देऊन पाडायचंय किंवा स्वतः पडायचं नाहीये त्याने लक्ष तिथे ठेवावं हा अत्यंत शहाणा सल्ला आहे, शेकडो वर्षांच्या धडपडीतून आलेला. त्याला बॅटरी कशाला म्हणायचं?

आणि त्या जाणिवा. हात गरम होणं, बोटांना मुंग्या, दोन तळव्यांमध्ये चेंडू असल्यासारखं वाटणं, खांबासारखं उभं राहिल्यावर पाय थरथरणं. मला सगळं होतं, रोज होतं, छान वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण पाय थरथरतात कारण गुडघे वाकवून १५ मिनिटं उभं राहिल्यावर मांड्या थकतात, कोणालाही उभं करा, ऊर्जा जागृत नसलेल्या माणसाचे लवकर थरथरतील. हात गरम होतात कारण माणूस निवांत झाला की हाताच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. जर्मनीत योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये एक पद्धत मांडली, खुर्चीत बसायचं आणि मनात म्हणायचं माझा हात जड झालाय, माझा हात गरम झालाय, आणि होतो गरम! तिथे ना चीन ना ची. मुंग्यांचं तर काय, फार खोल आणि भराभर श्वास घेतलात तरी येतात, आणि तेव्हा अजून खोल घ्या म्हणण्यापेक्षा जरा थांबा म्हणणारा शिक्षक हवा.

त्या चेंडूबद्दल एक भारी गोष्ट. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या ९ वर्षांच्या मुलीने शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी एक प्रयोग केला. हात न लावता माणसाचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं म्हणणारे २१ उपचारक घेतले, मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्यांचे दोन्ही हात पडद्यातून तिच्या बाजूला. ती नाणं उडवून ठरवायची कुठल्या हातावर आपला हात धरायचा आणि विचारायची, सांगा कुठे आहे. २८० वेळा विचारलं, १२३ वेळा बरोबर आलं. म्हणजे ४४ टक्के, नुसतं अंदाजपंचे बोलले असते तरी निम्मे आले असते. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं ते. ते लोक ताई चीवाले नव्हते, पण दावा तोच होता आणि प्रयोग इतका सोपा आहे की तुमच्या क्लासमध्ये एका टॉवेलवर होईल. मी एकदा सुचवला. “ची ची परीक्षा घेतली की ची निघून जाते,” असं उत्तर मिळालं. भलतीच लाजाळू ऊर्जा आहे.

हे सगळं आलं कुठून असंही वाटतं. वुदांग पर्वतावरचा साधू झांग सानफेंग, साप आणि करकोच्याची झुंज बघून ताई ची सुचली वगैरे आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९३० च्या दशकात तांग हाओ नावाचे इतिहासकार हनान प्रांतातल्या चेन गावात जाऊन कागदपत्रं शोधत बसले आणि त्यांना धागा सापडला तो चेन वांगतिंग यांच्यापर्यंत, सतराव्या शतकातले, मिंग राजवटीच्या शेवटच्या काळातले लष्करी गृहस्थ. त्या गावातून यांग लुचान शिकून बीजिंगला गेले आणि पुढचं सगळं झालं. ‘आतली’ विद्या आणि ‘बाहेरची’ विद्या ही फोड १६६९ च्या एका समाधीलेखात पहिल्यांदा दिसते, आणि त्या लेखात ताई चीचं नावही नाही. ताई ची, शिंगयी आणि बाग्वा या तीन चिनी युद्धकलांना एकत्र ‘आतल्या’ म्हणायची पद्धत तर सुन लुतांग यांच्यामुळे, म्हणजे विसाव्या शतकात, रूढ झाली. आणि जो २४ हालचालींचा फॉर्म तुम्ही पाच हजार वर्षांची परंपरा म्हणून शिकवता तो १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने बसवलाय. त्यात वाईट काही नाही, छान फॉर्म आहे, मी रोज करते. पण ७० वर्षांपूर्वीचा म्हणा ना.

मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो १९५४ चा मकाऊचा सामना. ताई चीच्या वू घराण्याचे वू गोंगयी, पन्नाशी पार केलेले, आणि समोर श्वेत करकोचा शैलीचा तिशीतला चॅन हाक-फू. मदतनिधीसाठी, हजारो लोकांसमोर. फिल्म आहे त्याची, बघाच. दोन फेऱ्यांत ठोसे, लाथा, नाकातून रक्त, आणि पंचांनी मध्येच थांबवून निकाल दिला की कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही आणि बरोबरीही नाही. म्हणजे खरे, मोठ्या घराण्याचे मास्तर उभे राहिले तर ते असं दिसतं, दोन माणसांच्या मारामारीसारखं. आणि या सामन्याने हवा इतकी तापली की काही दिवसांतच हाँगकाँगच्या एका पेपरने कुंग फूची क्रमशः कादंबरी सुरू केली, मग दुसऱ्या लेखकाची, मग सिनेमे, आणि तळव्यातून वीज सोडणारे म्हातारे आपल्या डोक्यात बसले. खरा सामना लोक विसरले, त्यावरून पेटलेली कादंबरी लक्षात राहिली.

नंतर १९८० च्या दशकात चीनमध्ये छी गोंगची, म्हणजे याच ऊर्जेच्या नावाने चालणाऱ्या श्वास-व्यायामांची, प्रचंड लाट आली, क्षेपणास्त्रांचे जनक छ्येन श्वेसेन यांच्यासारखा शास्त्रज्ञसुद्धा बाजूने उभा राहिला, म्हणजे हुशार माणसं फसत नाहीत असं काही नसतं. आणि मग २०१७, चेंगदू. शू शियाओदोंग हा एमएमएवाला (मिश्र मार्शल आर्ट्स लढणारा) आणि ताई ची मास्तर वेई लेई, २० सेकंदांच्या आत संपलं. २०२० मध्ये आणखी एक ताई ची मास्तर मा बाओगुओ, वय ६९, अर्ध्या मिनिटात तीनदा खाली. ते व्हिडिओ बघून लोक हसले आणि मला वाईट वाटलं, खरंच, कारण हसू ताई चीचं झालं. सत्तरीला टेकलेल्या माणसाने रिंगमध्ये जावं असं त्याला वाटलं कशामुळे? त्याच्याभोवती वर्षानुवर्षं उडणारे विद्यार्थी होते म्हणून. माझ्या शेजारी पायरीवर बसलेली ती, तिच्यासारखे.

मारामारीचं सोडा, तुमच्या माझ्यापैकी कोणाला रिंगमध्ये जायचंय. तब्येतीचं बघा. इथे मी तुम्हाला जास्त धरून बोलणार आहे.

आमच्या बॅचमधल्या एक बाई, बीपीच्या गोळ्या चालू. सर म्हणाले ची वाहायला लागली की गोळीची गरज उरत नाही. ‘गोळी बंद करा’ असं म्हणाले नाहीत, तेवढे हुशार होते. बाईंनी आपल्या मनानेच अर्धी केली, मग एक दिवसाआड. तीन महिन्यांनी चक्कर येऊन पडल्या, डॉक्टरांनी मोजलं तर वरचा आकडा १९०. सुदैवाने निभावलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, हा हीलिंग क्रायसिस असतो, जुनं बाहेर पडतं. मी त्या दिवशी तो क्लास सोडला.

आणि यात सगळ्यात चीड येते ती याची की खोटं बोलायची गरजच नाहीये हो! ताई चीचे पुरावे चांगले आहेत. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ पेशंटचा अभ्यास आला, आठवड्यातून दोनदा एक तास, २४ आठवडे, ताई ची करणाऱ्यांचा तोल वजनांचा व्यायाम आणि स्ट्रेचिंग करणाऱ्या दोन्ही गटांपेक्षा चांगला झाला. २०१६ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ जणांवर केलेल्या अभ्यासात ताई चीचा फायदा फिजिओथेरपीच्या तोडीस तोड निघाला. म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी होण्याबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१९ चा मोठा आढावा आहे, त्यात ताई चीने पडण्याचं प्रमाण साधारण १९ टक्के कमी होत असावं असं आहे, आणि पुरावा अजून कच्चा आहे हेही त्यांनी तिथेच लिहिलंय. बघा, कशी साधी भाषा असते. यात कोणी ची मोजली नाही. किती लांब झुकता येतं, किती वेळा पडलात, जिना चढताना किती दुखतं, हे मोजलं. कॅन्सर बरा होतो असं कुठेही नाही, बीपीची गोळी सुटते असं ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

आजकाल एक नवीनच सुरू झालंय, कोणी शंका काढली की ची ऐवजी ‘क्वांटम’ म्हणायचं, नाहीतर ‘बायोइलेक्ट्रिक’, नाहीतर ‘फॅशिया’, म्हणजे स्नायूंभोवतीचं आवरण. फॅशिया निदान शरीरात असतो तरी. पण शब्द बदलून तीच किल्ली परत खिशात ठेवायची असेल तर ची च बरी होती, निदान तिला कविता तरी होती.

तर मागणं फार नाही. ची म्हणायचं तर खुशाल म्हणा, मलाही आवडतो तो शब्द, पण कोणी विचारलं ‘म्हणजे काय करायचं’ तर पाऊल, वजन, खांदा, श्वास यात सांगता आलं पाहिजे, आणि नाही आलं तर ‘मला नाही माहिती’ म्हणा, आम्ही फी परत नाही मागणार. डेमो द्यायचा तर नवीन आलेल्यावर द्या, जो तुमचा विद्यार्थी नाही, ज्याला तुम्हाला काय वाटेल याची काळजी नाही. नाही पडला तर नाही पडला. आजोबांना मी पन्नासात एखाद्या वेळी हलवायचे तर ते टाळ्या वाजवायचे. आणि गोळ्यांबद्दल एक शब्दही नको.

वर्कशॉपवाल्या सरांना वेगळं सांगायचं म्हणजे, पुढच्या वेळी मी पुन्हा नाव देणार आहे. पहिल्या रांगेत बसेन. ब्लॉकेज सोबत घेऊनच येतेय, फक्त या वेळी चार फुटांवरून नको, मनगटाला मनगट लावून उभे राहू.